दोन तासांचं पार्सल

दत्तोबांनी काउंटरवर स्वतःचा कॅसरोल ठेवला, झाकण काढलं आणि तो मुलीपुढे सरकवला.

"ह्याच्यात भरा."

शर्टावर 'कोमल' अशी पट्टी लावलेली ती मुलगी आधी कॅसरोलकडे आणि मग दत्तोबांकडे पाहत राहिली. लोणावळ्याच्या त्या काचेच्या हॉटेलात शनिवारी सकाळी अकराला कोणी घरचं भांडं घेऊन येत नसावं. भांडं रिकामं होतं, पण आतून चांगलं तापलेलं होतं. नाक्यावरच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी मागून दत्तोबांनी ते दहा मिनिटं आत कोंडून ठेवलं होतं.

"काका, आमचा बॉक्स असतो. बाहेरच्या भांड्यात देत नाही."

"बॉक्सात गार हुतं. मला तिकोणा पेठंला न्यायचंय."

"ते कुठे आलं?"

"पवना धरणाच्या अंगाला. किल्ल्याच्या पायथ्याला. गाडीनं तासभर."

कोमलने आत स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग पुन्हा कॅसरोलकडे.

"बरं, देते. एक टेरियाकी चिकन ना? पाचशे चाळीस."

"काल फोनवर चारशे ऐंशी सांगितलं."

"काल शुक्रवार होता."

दत्तोबांना हसू आलं. घासाघीस करायला ते आले नव्हते, पण नवल वाटायचं ते वाटलंच. एकच कोंबडी. तळेगावात दोनशे साठ, लोणावळ्याची हवा लागली की चारशे ऐंशी, आणि मुंबईच्या गाड्या उतरल्या की पाचशे चाळीस. कामशेतला विचारलं तर दुकानदाराने मोमोची थाळी पुढे केली आणि वर म्हणाला, त्याच्यासारखंच असतं. तिकोणा पेठेचा पत्ता घातला तर लेकीच्या, सारिकाच्या फोनवर यायचं, सध्या आम्ही तुमच्या भागात पोहोचत नाही. कोंबड्या दारात पायात पायात येतात आणि कोंबडीचं पार्सल मात्र मिळत नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच.

"पयला वास घिऊ द्या," पैसे पुढे करत दत्तोबा म्हणाले.

"काय?"

"वास. शिजलं की जरा म्होरं आणा. मंग भरा."

मुलीला हे म्हातारं जरा वेडगळ वाटलं असणार. पण तिने खरोखरच आतून कढई उचलून आणायला लावली. दत्तोबांनी डोळे मिटले आणि काउंटरवर वाकून वास घेतला. गोडसर, जरा करपलेला, आल्याचा, आणि त्याच्या खाली खारट असं काहीतरी. मंगळवारी तळेगावात त्यांनी असाच वास घेतला होता, तिथे नुसता व्हिनेगरचा भपकारा आला होता.

"ह्योच," ते म्हणाले.

चव विचाराल तर दत्तोबांना ती ठाऊक नव्हती. तीन वर्षं हा जपानी पदार्थ त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवरून पुण्याहून तळेगावला आला, पण त्यातला एक तुकडा त्यांच्या जिभेला कधी लागला नाही. डब्यावर चिकटपट्टी असायची. ओळख होती ती नाकाची.

ही गोष्ट बारा-पंधरा वर्षांमागची. तळेगावच्या एमआयडीसीत एका जपानी कंपनीत मोठ्या मशिनी बसवायला ओकुदा नावाचे साहेब आले होते आणि त्यांच्या गाडीवर दत्तोबा ड्रायव्हर होते. साहेब पन्नाशीचे, किडकिडीत, कमी बोलणारे. दत्तोबांना ते जपानी रीतीने, मान देऊन, दत्तोबा-सान म्हणत. बाकीच्या ड्रायव्हरांनी त्यावरून दत्तोबांना वर्षभर सतावलं. पण गाडीचं दार स्वतः उघडणारा आणि उतरताना ड्रायव्हरला वाकून नमस्कार करणारा साहेब दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आला नव्हता, हेही त्यांना ठाऊक होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये दत्तोबांची बायको हिरा काविळीने गेली. सारिका, एकुलती एक मुलगी, नुकतीच पुण्याला नर्सिंगला लागली होती. दिवस घालून ती हॉस्टेलवर परत गेली खरी, पण रोज संध्याकाळी फोन यायचा. आबा, मी घरी येते. तुम्हाला भाकरी कोण घालणार. मला इथे नाही राहायचं. हॉस्टेलवर भेटायची वेळ फक्त शनिवारी, चार ते सहा. आणि गाडीच्या ठेकेदाराकडे शनिवारची रजा मिळत नव्हती. पोरगी शिक्षण सोडून येणार हे दत्तोबांना दिसत होतं आणि हातात काही नव्हतं.

अशात एका शनिवारी साहेबांनी त्यांना बोलावून एक कागद दिला. कागदावर पुण्यातल्या एका हॉटेलाचा पत्ता होता. टेरियाकी, पार्सल, एक. एवढंच.

दत्तोबांनी पत्ता वाचला आणि मनातल्या मनात हात जोडले. ते हॉटेल सारिकाच्या हॉस्टेलच्या मागच्याच गल्लीत होतं. देवाची करणी म्हणावी ती अशी.

पार्सल वीस मिनिटांत हातात पडलं. पाच मिनिटं पोरीचं तोंड पाहून येऊ म्हणून ते हॉस्टेलवर गेले. सारिकाने त्यांच्या शर्टाची बाही धरली ती सहा वाजता वॉर्डनची घंटा होईपर्यंत सोडली नाही. परत तळेगावला पोहोचायला साडेसात झाले. साहेब गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात उभे होते.

"बहुत टाइम, दत्तोबा-सान."

कंपनीची गाडी घरच्या कामाला वळवली हे ठेकेदाराला कळलं असतं तर नोकरी त्याच दिवशी गेली असती.

"दो घंटा लगता, साहब. वो लोग ताजा बनाते."

"अच्छा," साहेब म्हणाले. "दो घंटा."

त्यांनी डबा तिथेच उघडला. रस्सा गार होऊन कोंबडीवर चिकटून बसला होता. साहेबांनी तो गरम करायला सांगितला नाही. बहुतेक भूक लागली असावी, उभ्या उभ्याच त्यांनी सगळं संपवलं. पुढच्या शनिवारी त्यांनी सव्वादोनलाच दत्तोबांना हाक मारली. म्हणाले, दो घंटा लगता, अभी जाओ.

असे तीन वर्षं शनिवार गेले. सारिका रडायची थांबली, मग हसायला लागली, मग मैत्रिणींना घेऊन भेटायला येऊ लागली, पहिली आली, पास झाली. आणि दर शनिवारी साहेब गार कोंबडी खात राहिले. एक खोटं बोललं की त्याला जन्मभर पोसावं लागतं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं की दत्तोबा नजर चुकवायचे. चोराच्या मनात चांदणं. कितीदा तरी सांगून टाकावंसं वाटलं, पण शनिवार गेला असता. शेवटी साहेब जपानला परत गेले तेव्हाही विमानतळावर दत्तोबांच्या ओठांपर्यंत आलेलं परत पोटात गेलं.

आता साहेब चार दिवसांसाठी पुण्यात आले होते. कंपनीचा काही समारंभ होता. त्यांनी कोणाकोणाला विचारून सारिकाचा नंबर मिळवला होता. शनिवारी मोकळा आहे, दत्तोबा-सानना भेटायचं आहे. सारिका आता तळेगावच्या एका हॉस्पिटलात सिस्टर होती. तिने पिठलं-भाकरी, मटण, काय काय बेत सुचवले. दत्तोबांनी मान हलवली.

"न्हाई. तेच करायचं. येक डाव त्यांला गरम खाऊ घालायचं."

"आबा, तुम्ही तरी काय. आपल्याकडे आल्यावर ते आपलं खातील ना."

"तुला न्हाई कळायचं."

तिला खरंच कळायचं नव्हतं, कारण दोन तासांची थाप तिलाही ठाऊक नव्हती. बाप सुट्टी काढून येतो असंच ती समजत होती. पुण्याच्या त्या हॉटेलात तिने फोन लावून पाहिला, तर तिथे आता मोबाईलचं दुकान होतं. म्हणून मग तळेगाव, कामशेत, लोणावळा.

कोमलने कॅसरोल भरून दिला. दत्तोबांनी तो आधी जुन्या लुगड्यात, मग गोधडीत गुंडाळला आणि सारिकाकडून आणलेली शेकायची रबरी पिशवी वर ठेवली. आपल्या ईको गाडीत, शेजारच्या सीटवर, पट्टा लावून ते गाठोडं बसवलं. पर्यटकांना तिकोण्याच्या पायथ्याशी सोडायचं काम ते आता या गाडीवर करत. पण इतक्या जपून त्यांनी एखाद्या प्रवाशालाही आणलं नव्हतं.

रेल्वे फाटक बंद होतं. समोर मालगाडी, मागे मुंबईच्या मोटारींची रांग, कुणी हॉर्न वाजवतंय, कुणी खाली उतरून फोटो काढतंय. दत्तोबा गोधडीवर हात ठेवून बसले. फाटक उघडायला अकरा मिनिटं लागली. दुधिवरे खिंडीत एक बस आडवी झाली होती, तिथे सात. प्रत्येक थांब्याला ते गोधडीच्या आत बोट घालून ऊब पाहत होते. पवनेचं पाणी दिसू लागलं तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. माघ लागला होता, धरणाच्या कडेच्या शेतांत पावटा पिवळा पडत होता आणि समोर तिकोणा लख्ख उन्हात उभा होता.

साहेब आधीच पोहोचले होते. ओसरीवर खुर्ची ठेवलेली असूनही ते खाली घोंगडीवरच बसले होते. केस पांढरे झाले होते, गुडघे जरा आखडलेले, पण बसण्यातला ताठा तोच. दत्तोबांना पाहून ते उठले आणि कमरेत वाकले. दत्तोबाही वाकले. त्यांच्या हातात गोधडीचं गाठोडं होतं, त्यामुळे त्यांना फार वाकता आलं नाही.

"दत्तोबा-सान."

"साहेब. बसा, बसा. सारिके, ताटं घे. आत्ताच्या आत्ता."

सारिकाने नवीन इंद्रायणीचा भात केला होता. हा मऊ, चिकट तांदूळ साहेबांना फार आवडायचा. त्या काळी दत्तोबांनी घरची दोन किलोची पिशवी एकदा दिली होती, तर साहेबांनी ती जपानला धाडली होती. भातावर दत्तोबांनी स्वतः कोंबडी वाढली. वाफ निघाली. चांगली भरघोस, नाकाला झोंबणारी वाफ. दत्तोबा ती पाहत उभेच राहिले.

साहेबांनी दोन्ही हात जोडले, काहीतरी पुटपुटले आणि खायला लागले. चमचा दिला होता, पण त्यांनी हातानेच भात कालवला. एकही शीत न ठेवता सगळं खाल्लं. दत्तोबा समोर मांडी घालून बसले होते, स्वतःचं ताट त्यांनी घेतलं नव्हतं.

"गरम," साहेब म्हणाले. "बहुत गरम."

दत्तोबांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. सकाळपासून मनात घोळवलेली वाक्यं होती, ती सगळी एकदम निघून गेली.

"सारिके, मी सांगतो ते साहेबास्नी इंग्रजीत सांग. मधीच थांबू नगंस."

"काय झालं, आबा?"

"सांग म्हणावं, पुण्याच्या पार्सलला दोन तास न्हाई लागायचे. ईस मिंटात मिळायचं. बाकीचा येळ मी तुझ्यापाशी हॉस्टेलवर बसायचो. गाडी भाईर हुबी, पार्सल गाडीत. मी साहेबांशी खोटं बोललो. तीन वरीस त्यांस्नी गार खायला लावलं. त्याची माफी मागायची हाय."

सारिका बापाकडे पाहत राहिली. तिच्या हातातला पळा भाताच्या पातेल्यात तसाच उभा होता.

"तुम्ही रजा काढून येत होता ना?"

"रजा कोण देतंय. सांग त्यांला."

तिने सांगितलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांशी बोलताना सफाईने येणारं इंग्रजी आज अडखळत होतं. साहेब मान खाली घालून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि सावकाश, एकेक वाक्य करत बोलू लागले. मध्येच ते हसले. दत्तोबांना हसण्याचा अर्थ लागेना.

"काय म्हणत्यात? रागावले का?"

"नाही." सारिकाने नाक ओढलं. "ते म्हणतात, कंपनीत दुपारी जपानी लोकांसाठी डबे यायचे. तळेगाव स्टेशनजवळच्या एका बाई करून द्यायच्या."

"व्हय. पांढरे डबे. टेंपोनं यायचे. मला ठावं हायती."

"त्या डब्यात आठवड्यातून तीन दिवस टेरियाकीच असायची. ऐंशी रुपयांना. गरम गरम. ते म्हणतात, इतकी खाल्ली, इतकी खाल्ली, की वासानेही कंटाळा यायचा."

दत्तोबांना काही उमजेना. डब्यांचा तो टेंपो त्यांनी स्वतः कित्येकदा गेटवर पाहिला होता. गाडीवाल्यांना आत जायची परवानगी नव्हती, त्यामुळे झाकणाखाली काय असतं हे त्यांना कधी कळलं नव्हतं. आणि पुण्याच्या पार्सलला त्या काळात साडेतीनशे पडायचे.

"मंग शनवारी पुण्याचं कशापायी मागवायचे?"

सारिकाने विचारलं. या वेळी साहेब बराच वेळ बोलले. बोलताना त्यांनी एकदा कानाशी फोन धरल्यासारखा हात नेला, आणि एकदा दत्तोबांकडे बोट दाखवलं. सारिका ऐकत होती आणि तिची मान हळूहळू खाली जात होती.

"सांग की."

"जूनमध्ये एकदा तुम्ही गाडी चालवताना ठेकेदाराशी फोनवर बोलत होता, आबा. ते मागे बसले होते. मराठी त्यांना कळलं नाही. पण तुमचा आवाज कळला. आणि दोन शब्द कळले, सारिका आणि पुणे." ती थांबली. पदराने डोळे टिपून पुन्हा बोलू लागली. "ड्रायव्हरच्या रजेत साहेबांनी पडायचं नाही असा कंपनीचा नियम होता. पण जेवण कुठून मागवायचं हे त्यांच्या हातात होतं. मग त्यांनी ऑफिसातल्या कोणाला तरी विचारून माझं हॉस्टेल काढलं, भेटायची वेळ काढली. आणि हॉस्टेलच्या जवळ जपानी जेवण कुठे मिळतं ते शोधलं. त्या भागात तेवढं एकच हॉटेल होतं. आणि त्याच्याकडे जपानी म्हणून तेवढी एकच गोष्ट होती."

दत्तोबांनी पंच्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. तीन वर्षं एक माणूस वीट आलेलं अन्न, गार झालेलं, उभ्याने खात होता, आणि आपण त्याला भोळा समजत होतो. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या खालून असं काहीतरी वर येत होतं की ते आवरायला त्यांना किल्ल्याकडे पाहावं लागलं.

"आन् आज परत तेच वाढलं व्हय मी," ते शेवटी म्हणाले. "पाचशे चाळीस मोजून."

सारिका रडता रडता हसली. तिने ते साहेबांना सांगितलं असावं, कारण तेही हसले आणि पोटावरून हात फिरवत त्यांनी जोराने मान हलवली. चांगलं होतं, चांगलं होतं.

मग साहेबांनी सारिकाकडे वळून आणखी काही विचारलं. प्रश्न अगदी लहान होता. तिने बापाकडे पाहिलंही नाही.

"नो," ती म्हणाली.

"काय इचारलं?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं की सांगायचं राहिलं.

"दोन तास पुरायचे का, म्हणून विचारलं."

दत्तोबांनी मान डोलावली.

"बराबर सांगितलंस," ते म्हणाले, आणि साहेबांसाठी पिठलं टाकायला स्वतःच उठून चुलीकडे गेले.